पेठ वसते कशानं?

‘पेठ’ हा शब्द आपण पुणेकर इतक्या सवयीनं वापरतो, की त्याचा मूळ अर्थ आपल्या ध्यानातही येत नाही. ‘मी शुक्रवार पेठेत राहतो’ असं म्हणताना आपल्या मनात असतो तो फक्त पत्ता. पण पेठ म्हणजे बाजार. जिथे दुकानं मांडलेली आहेत, चार गावची माणसं देवघेवीला येतात, ती पेठ. पुण्याच्या जुन्या गाभ्याच्या नावातच हे लिहून ठेवलेलं आहे, की इथे नुसती घरं नव्हती. घरांच्या बरोबरीनं, कधी त्यांच्याही आधी, दुकान आलं.

आज या गाभ्याबद्दल दोन तऱ्हेचं बोलणं कानावर येतं. एक म्हणतात, पेठा संपल्या. मुलं कोथरूड, बाणेर, नाहीतर परदेशात गेली, वाडे पडले, उरली ती वाहनांची गर्दी. दुसरे म्हणतात, आता मंडईत आणि कसब्यात मेट्रोचं भुयारी स्थानक झालं आहे, पेठांना सोन्याचे दिवस येणार. मला दोघांनाही एकच सांगावंसं वाटतं. पुण्याचा हा गाभा गेल्या चारशे वर्षांत एकदा नव्हे, पाच-सहा वेळा उजाड झाला आहे, आणि दर वेळी पुन्हा वसला आहे. तो कुणी वसवला आणि कशाच्या आधारावर, हे पाहिलं तर आजच्या प्रश्नाचं उत्तरही थोडंफार हाती लागतं.

पहिली गोष्ट सर्वांच्या परिचयाची. १६३० च्या सुमाराला आदिलशाही सरदार मुरार जगदेव यानं पुणं जाळलं आणि गावावरून गाढवाचा नांगर फिरवला, असं परंपरा सांगते. पुढे जिजाबाई आणि बालशिवाजी इथे आले, सोन्याच्या फाळाचा नांगर फिरला आणि गाव पुन्हा वसलं. सोन्याच्या नांगराचं चित्र आपल्या मनावर कोरलेलं आहे. पण नांगर एकदा फिरवून गाव वसत नाही. त्यामागे जहागिरीच्या कारभाऱ्यांनी अंगीकारलेली एक साधी व्यवहारी पद्धत होती. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याकडून पहिल्या वर्षी नाममात्र सारा घ्यायचा, दुसऱ्या वर्षी थोडा जास्त, आणि असा चढत्या पायरीनं काही वर्षांनी पूर्ण दरावर यायचा. याला ‘इस्तावा’ म्हणत. नव्यानं आलेल्या माणसाला पाय रोवायला वेळ लागतो, तोवर त्याच्याकडून पुरतं मागू नये, हे शहाणपण त्यात होतं.

हेच शहाणपण पुढे बाजारालाही लागू झालं. बाजीराव पेशव्यांनी १७३० मध्ये शनिवारवाड्याचं काम सुरू केलं आणि पुणं राजधानीचं ठिकाण झालं. त्याच्या आधीही इथे पेठा होत्या. आजची शनिवार म्हणजे मुर्तजाबाद, रविवार म्हणजे मलकापूर, सोमवार म्हणजे शहापूर, आणि औरंगजेबानं १७०३ मध्ये वसवलेलं मुहियाबाद म्हणजे आपली बुधवार पेठ. पेशवाईत वारांची नावं रुळली आणि नव्या पेठा वाढत गेल्या. शुक्रवार पेठ जिवाजीपंत खासगीवाल्यांनी वसवली. सदाशिव पेठेला पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचं नाव मिळालं. नाना फडणिसांच्या नावाची नाना पेठ धान्याच्या व्यापारासाठी ओळखली जाऊ लागली.

पेठ वसवणं म्हणजे नेमकं काय करणं? सरकारातून एखाद्या कर्त्या माणसाला परवानगी मिळे. पेठेचे शेटे आणि महाजन नेमले जात. व्यापारी आणि कारागीर बोलावून आणायचे, त्यांना जागा नेमून द्यायच्या, त्यांचे तंटे मिटवायचे आणि सरकारचा वसूल गोळा करायचा, ही त्यांची कामं. आणि येणाऱ्याच्या हातात मिळे तो ‘कौल’. देवाला लावतो तो कौल वेगळा, हा सरकारी कौल. म्हणजे लेखी अभयपत्र. ‘तुम्ही येऊन दुकान मांडा, इतकी वर्षं अमुक कर माफ, पुढे इतका घेऊ, उपसर्ग लागणार नाही,’ असा त्याचा आशय. दुकानांवर आणि धंद्यांवर मोहतर्फा नावाचा कर असे, मालावर जकात असे. त्यातून काही वर्षांची सूट, ही नव्या माणसाला खरी ओढ. वाडे बांधले ते सरदारांनी आणि सावकारांनी. पण रविवारातला बोहरी, कसब्यातला तांबट, शिंपी, बुरूड, कुंभार हे आले ते या कौलाच्या भरवशावर.

असा भरवसा असला की शहर मार खाऊनही उभं राहतं. १७६३ मध्ये पेशव्यांची फौज दूर निजामाच्या मुलखात असताना निजामअलीनं पुण्यावर येऊन लूट आणि जाळपोळ केली. लोक डोंगरी किल्ल्यांच्या आसऱ्याला पळाले. पण नंतरच्या तीस वर्षांतच पुण्यात नव्या पेठांची भर पडली. मग १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरच्या लढाईत पेशवे आणि शिंद्यांच्या फौजांचा पराभव केला, शहर नागवलं गेलं, आणि त्यावर १८०३-०४ चा भीषण दुष्काळ कोसळला. शहर त्यातूनही सावरू लागलं होतं, तोच सगळ्यांत मोठा घाव बसला. नोव्हेंबर १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं.

हा घाव लुटीपेक्षा वेगळा होता. लुटारू जातो आणि गिऱ्हाईक परत येतं. इथे गिऱ्हाईकच गेलं. दरबार गेला, फौजा गेल्या, सरदार आपापल्या जहागिरीत गेले. शालू-शेले, जरीपटके, हत्तीघोड्यांचे साज, पालख्यांचे गोंडे यांवर जगणारे शेकडो हात रिकामे झाले. इंग्रजांनी पूर्वेला लष्कर वसवलं आणि नवा पैसा तिकडच्या सदर बाजारात खेळू लागला. १८२८ मध्ये शनिवारवाडा जळाला. १८७९ मध्ये बुधवारवाडा जळाला, विश्रामबागवाड्यालाही आग लागली. राजवाड्यांकडे पाहिलं तर हे शहर संपलेलं होतं.

पण दुकानांकडे पाहिलं तर वेगळंच दिसतं. १८८५ साली प्रसिद्ध झालेलं पुणे जिल्ह्याचं गॅझेटिअर उघडा. त्यात तांब्या-पितळेची भांडी, रेशीम विणणं, सोन्या-चांदीची तार काढणं, मातीच्या मूर्ती, हस्तिदंती फण्या, बांगड्या, हातकागद अशा धंद्यांचं पानोपानी वर्णन आहे. आणि त्यांत पहिला मान आहे तांबट कामाचा. दरबार गेल्यावर तांबटानं काय केलं? सरदाराच्या हंड्याऐवजी सामान्य माणसाच्या लग्नातलं घंगाळ, तांब्या, पातेलं घडवायला घेतलं. १८५८ मध्ये पुण्यापर्यंत आगगाडी आली. गाडीनं मुंबईहून तांब्याचे परदेशी पत्रे येऊ लागले आणि त्याच गाडीनं पुण्याची भांडी गावोगाव जाऊ लागली. आगगाडीनं अनेक कारागिरांचं कंबरडं मोडलं हे खरं आहे, पण तांबटाला तिनं नवं गिऱ्हाईक दिलं.

दुसरं नवं गिऱ्हाईक होतं विद्यार्थी. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं तेही बुधवारातल्या मोरोबादादांच्या वाड्यात. ‘नूतन मराठी’ची स्थापना १८८३ ची. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंध लिहिले हे आपण शाळेत शिकतो. पण त्यांनी चित्रशाळा हा छापखाना उभारण्यात पुढाकार घेतला आणि ‘किताबखाना’ नावाचं पुस्तकांचं दुकानही काढलं, हे मात्र विसरतो. ही माणसं सरकारी चाकरी सोडून शहराच्या मधोमध छोटे धंदे काढत होती. एका छापखान्याभोवती खिळे जुळवणारे, बांधणी करणारे, कागद विकणारे, शाई विकणारे असे दहा जण जगू लागतात. आज अप्पा बळवंत चौकात जूनमध्ये पाय ठेवायला जागा नसते, त्या गर्दीचं मूळ इथे आहे. अप्पा बळवंत मेहेंदळे पेशवाईतले सरदार. त्यांच्या नावाच्या चौकात आज वह्या-पुस्तकांचं राज्य आहे.

तिसरी गोष्ट मंडईची. पूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरत असे. नगरपालिकेनं शुक्रवारात, खासगीवाल्यांच्या जागेवर, नवी दगडी इमारत बांधली. अष्टकोनी मनोरा आणि त्यातून फुटणाऱ्या आठ पाकळ्या. १८८६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं ती उघडली. या खर्चाला नगरपालिकेत कडाडून विरोध करणारे सभासद होते जोतीराव फुले. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. लक्षात घ्या, फुल्यांना धंद्याचं वावडं नव्हतं. ते स्वतः कंत्राटदार होते, भाजीपाल्याचा व्यापारही त्यांच्या व्यवसायात होता. मंडईत बसणारी माणसं त्यांच्या ओळखीची होती. त्यांचा प्रश्न असा होता, की ही शोभा कुणासाठी आणि तिचा भार कुणाच्या डोक्यावर? काळाची गंमत अशी, की पुढे त्याच इमारतीला महात्मा फुल्यांचं नाव देण्यात आलं. मला यात विसंगती वाटत नाही. इमारत टिकली ती तिच्या मनोऱ्यामुळे नाही. खाली भाजीवालीला बसायला स्वतःचा गाळा मिळाला, पावसात माल भिजायचा थांबला, आणि रोजचं गिऱ्हाईक ठरल्या जागी येऊ लागलं, म्हणून टिकली. मंडईचं यश मोजायचं तर भाजीवालीची सकाळची भवानी किती वाजता होते, यावरून मोजावं.

१८९७ चा प्लेग आला तेव्हा पेठा पुन्हा ओस पडल्या. लोक गावाबाहेर झोपड्या बांधून राहिले. त्यानंतर ज्यांना परवडलं त्यांनी हळूहळू नदीपलीकडे मोकळ्या हवेत बंगले बांधले. म्हणजे श्रीमंतांनी गाभा सोडण्याची गोष्ट आजची नाही, तिला शंभर वर्षं होऊन गेली. पण जाणाऱ्यांच्या जागी येणारे होते. शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी आलेली एकटी माणसं होती, त्यांना जेवण हवं होतं, चहा हवा होता. त्यातून खानावळी निघाल्या. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी ‘अमृततुल्य’ चहाची दुकानं थाटली; समोर पितळी पातेलं आणि खलबत्त्यात वेलदोडा-आलं कुटण्याचा आवाज. मूकपटांचे दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी, बोलपटाचं युग सुरू झाल्यावर, १९३५ मध्ये लक्ष्मी रस्त्यावर पूना गेस्ट हाऊस काढलं. लक्ष्मी रस्ता हे नावही, दगडूशेठ हलवाई या मिठाईवाल्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावरून पडलं असं सांगतात. पुण्यातला सर्वांत गजबजलेला रस्ता एका हलवायाच्या घरातल्या बाईच्या नावानं ओळखला जातो. याचा अर्थ, तोवर शहराची सत्ता वाड्यातून दुकानात आलेली होती.

आणि मग १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं, खडकवासल्याचं फुटलं, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. मातीच्या भिंतींचे वाडे बसकण मारल्यासारखे खचले. पूरग्रस्तांसाठी शहराच्या कडेला नव्या वसाहती झाल्या आणि हजारो कुटुंबं पेठांमधून कायमची बाहेर गेली. कापडाच्या गाठी, पुस्तकांचे गठ्ठे, धान्याची पोती यांचा चिखल झाला होता. मी लहानपणापासून घरी-दारी पुराच्या कहाण्या ऐकत आलो. त्यांत घर सोडून गेलेल्यांच्या कहाण्या पुष्कळ होत्या, पण दुकान कायमचं सोडून गेलेल्यांच्या फार थोड्या. राहायला माणसं सहकारनगरला, गोखलेनगरला गेली. सकाळी सायकल हाणत पुन्हा पेठेतच आली. गाभा पुन्हा उभा राहिला तो अशा येण्यानं.

आता थोडं अवघड बोलतो. एका गोष्टीनं या छोट्या दुकानदाराला तारलं आणि त्याच गोष्टीनं पेठांचं नुकसानही केलं. ती म्हणजे १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा. भाडं गोठलं, भाडेकरूला काढणं दुरापास्त झालं. त्यामुळे शिंपी, सायकल दुरुस्तीवाला, गिरणीवाला शहराच्या मध्यभागी पिढ्यान्‌पिढ्या टिकू शकला. तो एक प्रकारचा कौलच होता. पण जुन्या कौलाला मुदत होती, याला नव्हती. मालकाच्या हाती वाड्याची कौलं शाकारण्यापुरतंही भाडं येईना, म्हणून वाडे मोडकळीला आले. आणि नव्या माणसाला दुकान हवं तर भरमसाट पागडी मोजावी लागे. ३१ मार्च २००० पासून नवा भाडे कायदा लागू झाला, त्यानं पागडीला कायदेशीर मान्यताही दिली. पण आत असलेल्याला संरक्षण आणि दाराशी उभ्या असलेल्याला अडसर, हे चित्र फारसं बदललं नाही.

म्हणून आज पेठेत फिरताना माझं लक्ष दारापाशी उभ्या असलेल्या या नव्या माणसाकडे जातं. तो आहे, आणि पुष्कळ आहे. तुळशीबागेत जा. नारो आप्पाजी खिरे यांनी बांधलेल्या राममंदिराभोवतीचा हा बाजार. पूर्वी देवाची उपकरणी, भातुकली आणि पितळी भांडी घ्यायला लोक येत. आता त्याच बोळात मुली कानातली, पर्स विकतात, आणि मोबाइलवर फोटो पाठवून परगावची मागणीही घेतात. पडक्या वाड्याच्या ओसरीवर कुणी कॉफीचं दुकान काढलं आहे. कुणी वाडे दाखवण्याच्या सहली काढतं. कसब्यातल्या तांबट आळीत तर मला फार आशा वाटते. स्टीलनं आणि प्लॅस्टिकनं तांबटाचं स्वयंपाकघर काढून घेतलं होतं. गेल्या पंधरा-वीस वर्षांत काही तरुण संकल्पनकारांनी या कारागिरांबरोबर काम सुरू केलं. हातोडीच्या ठोक्यानं उमटणारं मठारकाम दिव्यांवर, जगांवर, तबकांवर दिसू लागलं. मागे एका कारागिराला मी विचारलं, “काका, पूर्वीचं काम बरं की हे?” हातातली हातोडी न थांबवता ते म्हणाले, “ठोका तोच आहे हो. गिऱ्हाईक बदललं.” १८१८ नंतरच्या तांबटाला विचारलं असतं तर तोही हेच म्हणाला असता.

एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या साथीत या पेठा बांबू लावून बंद झाल्या होत्या. मंडईत शुकशुकाट आणि लक्ष्मी रस्त्यावर कबुतरं. तेव्हाही लोक म्हणाले, आता संपलं. पण डिसेंबर २०२१ मध्ये पालिकेनं पादचारी दिनानिमित्त एक दिवस लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद केला, तेव्हा रस्त्याच्या मधोमध माणसं चालताना दिसली. पेठ ही चालणाऱ्यासाठी बांधलेली आहे, हे त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं. २९ सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो कसबा आणि मंडईपर्यंत धावू लागली. आता गाडी न आणता पेठेत येता येतं. गिऱ्हाईक येण्याची सोय झाली. प्रश्न आहे विकणाऱ्याचा.

कारण मेट्रो येते तशी जागेची किंमत चढते. वाडा पाडून इमारत उठते, तेव्हा जुन्या भाडेकरूला करारानुसार गाळा मिळतो. पण मागच्या परसात ज्याची भट्टी होती त्याचं काय? नव्या इमारतीत भट्टीला जागा नाही आणि हातोडीच्या आवाजाला शेजारी नाहीत. आणि ज्या मुलीनं तुळशीबागेत चार वर्षं टेबल मांडून भांडवल जमवलं, तिला त्या इमारतीतला गाळा सात जन्मांत परवडत नाही. तो घेते एखादी मोठी साखळी, जिची दुकानं साऱ्या देशात एकसारखी असतात. मग मेट्रोतून उतरून माणसानं पेठेत कशाला यावं? तेच दुकान त्याच्या घराजवळही असतं.

काही पावलं बरी पडली आहेत. २०१४ च्या केंद्रीय कायद्यानं पथविक्रेत्याला प्रमाणपत्र आणि नेमून दिलेली जागा मिळण्याचा हक्क मानला. जून २०२० मध्ये अशा विक्रेत्यांना खेळत्या भांडवलासाठी कर्ज देण्याची योजना आली, सुरुवातीला १० हजार रुपयांपर्यंत. हे आजच्या भाषेतले कौलच आहेत. पण ते हातगाडीपाशी थांबतात. हातगाडी आणि पक्का गाळा यांच्यामधली पायरी आपण बांधलेली नाही. पेशवाईतल्या कारकुनाला कळत होतं ते आपल्याला का कळू नये? नव्या इमारतींच्या तळमजल्यावर काही छोटे गाळे नव्या धंद्यांसाठी आणि कारागिरांसाठी राखून ठेवता येतील. पहिली काही वर्षं त्यांचं भाडं आणि मिळकत कर कमी ठेवून मग पायरीपायरीनं वाढवता येईल. त्याला इस्तावा म्हणा, नाहीतर दुसरं काही. मात्र त्याला मुदत हवी, म्हणजे पुढच्यालाही जागा होईल.

यात कुणावर मेहेरबानी नाही. मोरोबादादांचा वाडा शाळेला मिळाला, भाजीवालीला गाळा मिळाला, तांबटाला आगगाडीचं गिऱ्हाईक मिळालं, म्हणून हे शहर दरबार गेल्यावरही जगलं. शनिवारवाड्याचा चौथरा आपण जपलाच पाहिजे. तो पाहायला माणसं येतात. पण पाहून झाल्यावर ती जिथे वळतात, तिथे कुणीतरी नव्यानं दुकान उघडून बसलेलं असलं पाहिजे. ते दुकान बारा महिने चालेल आणि त्याच्या शेजारी दुसरं उघडेल, एवढी हमी त्याला कोण देतं, त्यावर पेठांचं पुढचं पान लिहिलं जाणार आहे.